पश्चात कोण कोण?

वहिनी, आमसुलं मागाहून उलटा हो, आधी इकडे गडग्यापाशी या. माडीवाल्यांच्या जागेची नोटीस वाचलीत का परवाच्या पेपरात?

– नाही बाई. आमच्याकडे पेपर आला की मी आधी निधन वार्ता बघते. मग तो ह्यांच्या हातात जातो, तो दुपारच्या जेवणालाच सुटतो.

सगळ्यांचं तेच. कोण गेलं ते आधी वाचायचं, कशाने गेलं ते मग फोन करून विचारायचं. पण वहिनी, जाहीर नोटिसाही वाचत जा. एवढाल्या बारीक टायपात असतात म्हणून कुणी बघत नाही, पण निधन वार्तेपेक्षा तिथे माणसं जास्त सापडतात. 'सदर मिळकतीचे मूळ मालक अमुक अमुक हे मयत असून त्यांना वारस म्हणून...' असं म्हणत वकील अख्खी वंशावळ मांडून ठेवतात. माडीवाल्यांची जागा कुणी रिसॉर्टवाला घेतोय. त्याच्या वकिलाने लिहिलंय, आजोबांना वारस दोन मुलगे, मग त्या दोघांची मुलं. कुणाची हरकत असेल तर चौदा दिवसांत कळवा. संपलं.

– मग बरोबरच आहे की. दोघेच तर होते.

तिथेच येतेय. पण मला कसं कळलं ते आधी ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल मी लोकांच्या घरात डोकावत बसते.

– आता वाटायचं काय राहिलंय त्यात?

हसा. आमच्या धाकट्या भाऊजींचा मुलगा आहे ना, न्यू जर्सीचा, त्याला वर्षभर वंशावळीचं खूळ लागलंय. तिकडे ते सोपं. गावोगावचे जुने पेपर संगणकावर, नाव टाकलं की माणूस मेल्याची बातमी समोर. आणि बातमी केवढी! माणूस कुठल्या शाळेत गेला, मासे पकडायला कुठे जायचा, कुत्र्याचं नाव काय, सगळं. ह्याने मला फोन केला, काकू, माझ्या पणजोबांचा मृत्युलेख शोधून पाठवा. जसा काही तो आमच्या कपाटात आहे!

पणजोबा म्हणजे ह्यांचे आजोबा. मराठी शाळेत मास्तर. म्हटलं, अरे बाबा, त्या काळात पेपरात मरायलासुद्धा ऐपत लागायची. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं १८३२ ला, आपल्या रत्नागिरीत 'सत्यशोधक' निघायचं १८७१ पासून. म्हणजे पेपरांना तोटा नव्हता. पण त्यात नाव कुणाचं? वकील, मामलेदार, इनामदार, देवळाला देणगी दिलेला शेटजी. ब्रह्मदेशचा थिबा राजा इथे १९१६ साली गेला, त्याची बातमी कुठल्या कुठे गेली असेल. त्याच्या वाड्यावर पाणी भरणारा गेला तर त्याची कोण छापणार? आजच्यासारखी 'त्यांच्या पश्चात' म्हणून चार ओळींची निधन वार्ता साध्यासुध्या माणसाच्या वाट्याला फार पुढे आली. पेपर रोज निघायला लागले आणि त्यांना गल्लीतल्या बातम्या हव्याशा वाटू लागल्या, तेव्हा. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ ला पुण्यात 'सकाळ' काढला, तो असाच स्थानिक बातम्यांवर वाढला.

– मग सापडलं का काही?

सांगते. आधी तारीख तर हवी! तारखेशिवाय जुन्या पेपरात शिरायचं म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ. आता आपल्याकडची गंमत बघा. आजोबांची तिथी घरात सगळ्यांना पाठ, आश्विन वद्य नवमी. श्राद्ध चुकलं नाही कधी. पण साल? ते कुणालाच माहीत नाही. घरोघरी असंच. तिथी वर्षानुवर्षं सांभाळायची आणि साल हरवायचं. मग मी सासूबाईंचं बोलणं आठवलं. त्या म्हणायच्या, मामंजी मानमोडीत गेले. मानमोडी म्हणजे १९१८ ची ती इन्फ्लुएंझाची साथ. झालं, साल मिळालं. शके १८४०, आश्विन वद्य नवमी, म्हणजे ऑक्टोबरची अखेर, दिवाळीच्या तोंडावर.

– शकाचं इंग्रजी साल कसं करता हो तुम्ही?

अठ्ठ्याहत्तर मिळवायचे. पौषानंतरची तिथी असली तर बहुतेक एकोणऐंशी, कारण इंग्रजी वर्ष तोवर बदललेलं असतं. एवढं एक लक्षात ठेवलं की पुरे. आणि दुसरं म्हणजे पेपर रोजचा होता की आठवड्याचा, ते बघायचं. 'केसरी' तेव्हा मंगळवारचा. माणूस बुधवारी गेला तर बातमी पुढच्या मंगळवारी. गावाहून पत्र पोचायला उशीर झाला तर त्याच्याही पुढच्या. त्यामुळे तिथीनंतरचे महिनाभराचे अंक तरी चाळायचे. पुण्याच्या 'ज्ञानप्रकाश'चं तसं नव्हतं, तो १८४९ ला निघाला आणि १९०४ पासून रोज यायचा.

मी त्या दिवसांतले अंक काढले. वहिनी, वाचवत नाही हो. आकडेच आकडे. अमुक शहरात काल इतके, परवा इतके. देशात कोटीच्या वर माणसं गेली त्या साथीत. मी चाळले त्या पानांत मास्तर, शेतकरी, बाळंतिणी, कुणाचंच नाव नाही. साथीत माणसाचं नाव छापायचं राहून जातं, नुसता आकडा उरतो. करोनात बघितलं ना आपण? तरी आपल्या वेळी निधन वार्तेची पानं वाढवली होती पेपरांनी.

– म्हणजे मास्तर मिळालेच नाहीत.

पेपरात नाही मिळाले. शाळेच्या शताब्दीची स्मरणिका होती, तिच्यात मिळाले. 'आमचे दिवंगत गुरुजन' म्हणून यादी, त्यात दीड ओळ. पुतण्याला तीच पाठवली. तो म्हणतो, काकू, एवढंच? म्हटलं, तुझ्या पणजीचं तर त्याहून वाईट.

तिचं तर ऐकाच. ह्यांची आजी पुढे पुष्कळ जगली, पन्नाशीच्या दशकात गेली. तिची बातमी मिळाली मला इथल्याच एका साप्ताहिकात. अख्ख्या बातमीत तिचं नाव नाही! 'येथील प्रतिष्ठित नागरिक श्री. अमुक यांच्या मातोश्री वृद्धापकाळाने निवर्तल्या.' झालं. बाई शोधायची असेल तर बाईचं नाव विसरायचं, मुलाचं शोधायचं. नाहीतर नवऱ्याचं, नाहीतर जावयाचं. त्यातून आपली नावं दोन, माहेरची एक आणि सासरी तांदळात लिहिलेली दुसरी. नाव छापलं असलंच तर आधी काय लावलंय ते बघायचं. गं. भा. असेल तर नवरा आधी गेलाय, त्याची बातमी मागच्या सालांत शोधायची. सौ. असेल तर तो पुढच्या सालांत.

– ताई, तुम्ही पोलिसात जायला हवं होतंत.

पोलिसांना कुठे वेळ आहे एवढा! पण एकदा ती भाषा वाचायला लागलं ना, की गाव सांगावं लागत नाही. रक्षाविसर्जनाची वेळ दिली असेल तर माणसं कोल्हापूर-सांगलीकडची. गंधमुक्ती म्हटलं तर खानदेशातली. दशक्रिया पुणे-नगरकडे, जलदान विधी म्हटलं की बौद्ध कुटुंब. आपल्याकडे उत्तरकार्य, बारावं. माझ्या आजोळची एक पाती गोव्यात गेलेली, त्यांचं तर आणखी निराळं. तिकडचे जुने पेपर पोर्तुगीजमध्ये. 'ओ हेराल्दो' १९०० ला निघाला तो १९८३ पर्यंत पोर्तुगीजच होता. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन मी नुसती नावं ओळखत बसले. आपली नावं त्या स्पेलिंगात ओळखू आली तर शपथ.

– आणि हे सगळं ठेवलेलं असतं कुठे?

जिथे ठेवलं तिथे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. पुण्यात नगर वाचन मंदिर, केसरीवाड्यातलं ग्रंथालय. मुंबईत टाउन हॉलमध्ये राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालय, तिथे कायद्यानेच पेपर पाठवावे लागतात. पण असतात म्हणजे सगळे असतात असं नाही हो. कुठे साल आहे तर महिना नाही. कुठे कसर लागलेली. पुण्यात पानशेत फुटलं १९६१ ला, तेव्हा वाड्यांमधून किती कागद वाहून गेले कोण जाणे.

आणि माणसं! एका ठिकाणी (नाव नको) मला सांगितलं, बाई, तुम्ही संशोधक आहात का? पत्र आणा. म्हटलं, सून आहे. सुनेपेक्षा मोठा संशोधक कोण? नाहीच दिलं. दुसरीकडे फाईल दिली, तर नेमकं निधन वार्तेचं पान ब्लेडने कापलेलं. आपल्या बापाची बातमी कुणीतरी घरी नेली, आणि त्याच चौकोनाच्या पाठीमागे छापलेला दुसऱ्याचा बाप गेला त्याच्याबरोबर. मी तर सगळ्यांना सांगते, मोबाइलने फोटो काढा. नुसत्या बातमीचा नको, पानाच्या माथ्यावरचं नाव-तारीख आलीच पाहिजे. नाहीतर दहा वर्षांनी तेच कात्रण हातात घेऊन बसायचं, कुठला पेपर, कुठलं साल.

– आता सगळं संगणकावर चढवतायत म्हणे.

चढवतायत, पण शोधता कुठे येतं? जुना खिळ्यांचा टाइप, पुसट शाई, जोडाक्षरं फुटलेली. यंत्र 'निधन' ऐवजी 'निर्धन' वाचतं. शेवटी पान पान डोळ्यांनीच बघावं लागतं. आणि अलीकडच्या सालांत आणखी एक घोळ. एकाच पेपराच्या जिल्ह्याजिल्ह्याला वेगळ्या आवृत्त्या. माणूस सांगलीत गेला, बातमी सांगली आवृत्तीत. तुम्ही पुण्यात फाईल बघताय तर तिथे त्याच दिवशी, त्याच पानावर भलत्याच कुणाची. लोक परत येतात आणि म्हणतात, छापलंच नव्हतं. तेव्हा नाहीच मिळाली तर बरोबर पुढच्या वर्षीचा तोच आठवडा बघायचा. प्रथम पुण्यस्मरण म्हणून फोटोसकट जाहिरात येते. पहिल्या दिवशी रडण्यात राहून गेलेले लोक पुढच्या वर्षी आठवणीने घालतात.

– ताई, माडीवाले राहिले.

अहो, आलेच. मी दादरला बहिणीकडे गेले होते ना, तेव्हा मामंजींचे एक चुलतभाऊ शोधत होते. ते गिरणीत होते. आपल्या इकडची निम्मी माणसं मुंबईत मेलेली, वहिनी. चाकरमान्याची बातमी रत्नागिरीत कशाला शोधायची? ती 'नवाकाळ', 'लोकसत्ता', असल्या मुंबईच्या पेपरांत. तिथेही नसेल तर गावाच्या मुंबई मंडळाच्या अहवालात, दुखवट्याच्या ठरावात. नाहीतर ज्ञातीच्या मासिकात. तर मी बसले होते मुंबईच्या एका दैनिकाची १९५८ ची फाईल घेऊन. चुलतभाऊ राहिले बाजूला आणि डोळ्यासमोर आलं आपल्या वाडीचं नाव.

– अगंबाई!

माडीवाले आजोबा. इथे गावी गेले, म्हणून इथल्या साप्ताहिकातही बातमी होती, ती मी आधी वाचलेली. तिच्यात काय, तर पश्चात पत्नी व दोन पुत्र. आणि मुंबईच्या पेपरात, पंधरा दिवसांनी, ग्रामस्थ मंडळाने सभा घेऊन दुखवटा व्यक्त केला त्याची बातमी. तिच्यात पत्नी, दोन पुत्र, एक विवाहित कन्या, जावई आणि नातवंडे.

– कन्या!

हळू बोला, पलीकडे ऐकू जाईल. दोन बातम्या, एकच माणूस, आणि मुलगी एकीत आहे, दुसरीत नाही. आता बातमी कोण लिहितं? पेपरवाला का घरोघर माणसं मोजत फिरतो? घरातला कुणीतरी शहाणा कागदावर लिहून देतो, तेच छापतात. इथली बातमी दिली असणार थोरल्या मुलाने. मुंबईची दिली मंडळाच्या चिटणिसाने, त्याला गावातल्या रागलोभाशी काय करायचंय? जावई सभेला हजर असेल समोर. म्हणून म्हणते, मेलेल्याबद्दल काय लिहिलंय ते सोडून द्या. मनमिळाऊ, परोपकारी, सगळे सारखेच. नजर ठेवायची ती 'पश्चात' या शब्दानंतर. कोण आहे, कोण नाही, आणि बातमी दिली कुणी.

– थांबा, थांबा. सासूबाई सांगायच्या. माडीवरची मुलगी नर्सिंग शिकायला मुंबईला गेली आणि तिकडेच परजातीत लग्न केलं. मग इथे तिचं नाव काढायचं नाही. मला वाटायचं, गेलीबिली असेल बिचारी.

बघा! आणि हे तुम्ही मला आज सांगताय, गडग्याला गडगा लागून इतकी वर्षं काढल्यावर.

– तुम्ही विचारलंत कुठे?

तेही खरं. आता पुढचं ऐका. हिंदू वारसा कायदा आला जून १९५६ ला. आजोबा गेले त्यानंतर. मृत्युपत्र केलेलं नसेल तर मुलीला बापाच्या हिश्श्यात मुलाइतकाच वाटा. लग्न परजातीत करा नाहीतर परमुलखात, कायदा विचारत नाही. ती आज नसली तर तिच्या मुलांना. आणि फेरफाराला वारस म्हणून नावं लागली ती दोघांचीच. मी बघितलाय तो फेरफार, कुणालाही बघता येतो.

– मग ते कात्रण दाखवलं की झालं.

नाही हो, तेवढ्याने नाही. भाचा वकील आहे, त्याला विचारलं. पेपरातली बातमी हा काही पुरावा नव्हे. तिचा जन्माचा नाहीतर शाळेचा दाखला लागेल, लग्नाचा कागद लागेल. गावच्या जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात, ते कोतवाल बुक म्हणतात ना, त्यात असेल नोंद. मध्ये कुणबी दाखल्यांच्या वेळी बाहेर काढली होती बघा सगळी. जुनी असली तर मोडीत, वाचणारा शोधावा लागतो. पण अशी मुलगी होती आणि १९५८ साली तिचं लग्न झालेलं होतं, एवढं तर कळलं? दाखले शोधायचे ते कुणाचे, ते तरी कळलं. प्रश्न एवढाच राहिला, की ती माणसं आहेत कुठे. बातमीत जावयाचं नावच नाही, नुसतं 'जावई'. तिथे मी अडले. मुंबईत आहेत, परदेशात आहेत, कुणाला माहीत.

– ठाण्याला.

काय?

– ठाण्याला आहेत. अहो, मागल्या गणपतीत एक बाई आली होती मुलीला घेऊन. पाणंदीत उभी राहून माडीचे फोटो काढत होती. मी म्हटलं, आत जा की. तर म्हणे, नको, आजीचं घर होतं, लांबूनच बघते. मला वाटलं, मुलग्यांपैकी कुणाची नात असेल. पाणी दिलं, दोन आमसुलं हातावर ठेवली. तिला इतकी आवडली, पत्ता लिहून दिला, म्हणाली दर साली दोन किलो पाठवा. यंदाची हीच तर वाळतायत.

वहिनी! तुमच्या आमसुलांच्या वहीत वारस पडलाय आणि मी इकडे पणजीपर्यंत पानं चाळतेय?

– आजी म्हणाली ती. आजीचं घर.

आजीचंच. बरोबर बसतंय. फोन नंबर आहे?

– पत्त्याखाली लिहिलाय. पण ताई, नोटिशीला किती दिवस झाले?

पेपर परवाचा. चौदातले दोन गेले.

– मग लावूया आत्ताच. तुम्ही बोला हो, मला काही ते कायद्याचं जमायचं नाही. मी आपली सुरुवात आमसुलांपासून करून देते. पण एक सांगा, उद्या माडीवाल्यांना कळलं आणि त्यांनी विचारलं की ही बातमी फोडली कुणी, तर काय सांगायचं?

सांगायचं, पेपरात आलंय. १९५८ साली.